पाकिटावरचा शिक्का

कोल्हापूर, ३ ऑगस्ट १९९८

आण्णा, धाकट्या कस्तुरीचा पाया पडून नमस्कार.

बाळ बरं हाय, ताप उतरलाय. आईला तापाचं सांगू नकोस.

कामाला गेल्यापास्नं ह्यांचं एकच पत्र आलं, चार म्हैन्यामागं. पत्ता न्हवता. म्हणून पाकीट घिऊन शाळंच्या मास्तरांकडं गेलतो. ते खेड्यातल्या जुन्या पोस्टांचे शिक्के धुंडत्यात. भिंग लावलं आनि हरखलेच. "पोरी, असला जुना शिक्का अजून मारतात?"

मी म्हटलं, "माणूस कुठं हाय ते वाचा की."

गावाचं नाव पुसलंय, नुसतं 'वाडी' दिसतंय. वाड्या किती असतील, आण्णा?

मास्तर पाकीट मागत हुते. न्हाई दिलं. मला लई भ्या वाटतंय. तिकडं ह्यांचं पत्र आलं तर पाकीट फाडू नकोस. मजकूर मागनं वाच, आदी शिक्का बघ.

तुजी भन,
कस्तुरी