आतून आलेली हाक

प्रिय सिब्रन,

मी बरी आहे, मठातलं सूप पोटभर घेते. तू वेळेवर जेवतोस ना? गाई दूध नीट देतात का?

आपला येल्ले बुडाला, तेव्हापासून मी सगळ्यांसाठी फक्त 'त्या बिचाऱ्या पोराची आई' झाले. माझं नाव मीच विसरले होते. इथल्या सिस्टर लुडगार्दिस म्हणाल्या, "काही मागू नकोस गं, नुसती देवापुढे बस." रोज बसले, काहीच ऐकू आलं नाही.

आज मात्र आतून हाक आली, "हिल्के, माझ्या लेकी." मी हुंदके देऊन रडले.

मग म्हणाले, "देवा, पोराला अंधाराची भीती वाटते रे, त्याला जवळ घे."

"घेतलंय," तो म्हणाला.

येल्लेची खोली एकट्यानं आवरू नकोस. मी आल्यावर दोघं मिळून आवरू.

तुझीच,
हिल्के