न छापलेला आठवडा

पपा,

गेल्या मंगळवारी, बारा तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं की तुम्ही हार मानली होती आणि मला सांगितलं नव्हतं. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण भिंतीवरचं घड्याळ उतरवायचं तेवढं राहिलं होतं. बाकीचं घर खोक्यांत गेलं आहे. मुलाची रियाधहून जेद्दाला बदली झाली. माझा इथला राहण्याचा परवाना, इकामा, त्याच्या नावावर, तेव्हा तो जाईल तिथे मी. अठ्ठावीस वर्षं इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवलं, आता सामानाच्या यादीत माझा नंबर धुण्याच्या मशीननंतर येतो.

त्या सकाळी तो तुमची चार पुस्तकं हातात घेऊन उभा होता. अमेरिकन कंट्री गाण्यांची. कुठलं गाणं कुठल्या तारखेला लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आलं, कितव्या नंबरपर्यंत चढलं, किती आठवडे टिकलं, एवढंच असलेली प्रत्येकी हजारभर पानं. त्यानं ती बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली होती.

"मम्मा, नऊ किलो. तिकडचा फ्लॅट लहान आहे. आणि हे सगळं नेटवर आहे."

"तूही नेटवर आहेस. म्हणून तुला टाकून जाऊ?"

"बत्ह्याच्या बाजारात एक जुन्या पुस्तकांचा माणूस आहे, त्याला देऊ या ना. तुम्ही कधी उघडली तरी आहेत का?"

नव्हती उघडली. त्याला दाखवायचं म्हणून मी पहिलं पुस्तक हिसकावून उघडलं, आणि तुमचं अक्षर समोर आलं.

तुम्ही ही पुस्तकं कशाला ठेवायचात, हे मी त्याला नीट सांगू शकले नाही. सांगायचं काय? की माझा बाप याच देशातल्या, समुद्रकाठच्या तेल कंपनीच्या वसाहतीत, तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रात रेकॉर्डांचा कारकून होता. वसाहतीतल्या टेक्सासच्या साहेबांना त्यांच्या गावाकडची गाणी लागत, निवेदक प्रत्येक गाण्याआधी त्याची माहिती सांगत, आणि ती चुकली की कोणीतरी फोन करून सुनावत असे. ती चुकू नये म्हणून तुम्ही दर आठवड्याचं गाण्यांचं साप्ताहिक आणि ही पुस्तकं ओळीनं ताडून बघायचात. साप्ताहिकातल्या बायकांचे खांदे विमानतळावरच्या तपासनिसांनी काळ्या शाईनं झाकलेले असत. तुम्हाला ती गाणी आवडत होती का, हेही मला माहीत नाही. गुणगुणताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाही.

मी पंधरा वर्षांची होते. वसाहतीत आठवीनंतर शाळा नव्हती म्हणून मला भारतात, घाटावरच्या कॉन्व्हेंटात ठेवलेलं, आणि मेच्या सुट्टीत विमानानं आणायचं. ते सहा आठवडे आपण दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो, कारण गार हवेचं मशीन तिथेच बरं चालायचं. मी साप्ताहिकातली यादी वाचते, तुम्ही पुस्तकात पेन्सिलीनं खूण करता, आई ओट्याशी पोळ्या लाटते. मला वाटायचं, जगात माझ्याइतकं उपयोगी माणूस दुसरं नाही.

मग ताडता ताडता मागच्या नाताळचा आठवडा आला. त्या एका आठवड्यात साप्ताहिक निघत नसे. आधीची यादी तशीच राही. पुस्तक छापणाऱ्यांनी तो आठवडा सोडून मोजलं होतं आणि एका गाण्यापुढे चौदा छापलं होतं. तुम्ही शेजारी पंधरा लिहिलंत.

"चौदाच आहेत, पपा. अंकच निघाला नाही तर आठवडा कसला?"

"अंक छापला नाही म्हणून गाणं कुठे गेलं नाही. होतं तिथेच होतं."

"मग तुमचं पत्र येत नाही ते आठवडेही मी धरायचे? तेव्हाही तुम्ही होता तिथेच होता ना?"

आईचं लाटणं थांबलेलं मला अजून ऐकू येतं. तुम्ही वर बघितलं नाहीत. "सिस्टर उलट बोलायला शिकवतात का?"

"सिस्टर मोजायला शिकवतात."

तुम्ही माझ्यापुढचं साप्ताहिक शांतपणे ओढून घेतलंत. "उद्यापासून माझं मी करीन." आणि केलंत. सुट्टीचे उरलेले एकोणीस दिवस मी बाहेरच्या खोलीत, बंद दाराशी, तुम्ही स्वतःलाच वाचून दाखवत होतात ते ऐकत बसले. विमानतळावर तुम्ही मला पिवळ्या पेन्सिलींचा डबा दिलात, मागे गुलाबी रबर असलेल्या. वसतिगृहात पोचल्यावर मी त्या सगळ्या मुलींना वाटून टाकल्या, आणि सात आठवडे तुम्हाला पत्र लिहिलं नाही. तुम्ही सातही आठवडे लिहिलंत. हवा, आईचा गुडघा, स्वयंपाकघराच्या दाराशी येणारी मांजर. सातव्यात विचारलंत, तब्येत बरी आहे ना. मी ताप होता म्हणून कळवलं. ताप नव्हता, पपा. सात आठवडे न छापलेले कसे वाटतात ते तुम्हाला कळावं, एवढीच इच्छा होती.

पुढच्या सुट्टीत पुस्तकं कपाटात होती आणि कपाटाला किल्ली होती. मी विचारलं नाही, तुम्ही काढली नाहीत. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा मी ती न उघडता तीन घरं फिरवली. हट्ट, दुसरं काय. तो कोणाकडून आला हे वेगळं सांगायला नको.

आणि आता हे. पहिल्याच कोऱ्या पानावर, तुमच्या त्या उभ्या, कारकुनी अक्षरात: 'न छापलेला आठवडा धरू नये. मुलीचं बरोबर आहे.' मी पानं उलटली. पंधरा खोडून टाकलेलं, कागदात नुसता पेन्सिलीचा दाब उरलेला. खाली दुसऱ्या गाण्यापुढचं नऊ खोडलेलं. बावीस खोडलेलं. चारही पुस्तकांत, नाताळ ओलांडून गेलेल्या प्रत्येक गाण्यापुढे तुमचा आकडा नाही, नुसता रबराचा फिकट गुलाबी डाग. किती रात्री लागल्या असतील? मुलगा खोकी चिकटवायची पट्टी हातात धरून उभा होता. "मम्मा, काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी चूक केली आहे." तो चहा करायला गेला. तेवढी अक्कल त्याला आहे.

मला राग कशाचा आला ते सांगते. तुम्ही तारीख घातली नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांच्या तारखा सांभाळणारा माणूस, आणि स्वतःच्या एवढ्या मोठ्या कबुलीवर तारीख नाही. ते कधी खोडलंत? माझी पत्रं बंद होण्याआधी, की त्या सात आठवड्यांत? आधी असेल, तर तुम्हाला खरोखर पटलं होतं, आणि मग ते एका ओळीनं कळवायला काय झालं होतं? मांजरीला जागा होती पत्रात. आणि त्या सात आठवड्यांत असेल, तर तुम्हाला पटलं नव्हतंच. तुम्ही फक्त माझं पत्र यावं म्हणून रात्रंदिवस ताडलेले आकडे पुसत बसला होतात, आणि मी पेन्सिली वाटत होते.

दुसरं खरं असावं अशी मला भीती आहे. कारण बरोबर तुमचं होतं. हे मला इतक्या उशिरा कळलं, आणि कळलं ते काही गणितानं नव्हे. तुम्ही गेलात त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा गेला त्याला सहा. दोघांचाही अंक निघत नाही, तरी सकाळी चहा ओतताना मी अजून तुमचं मत धरूनच भांडते. होतात तिथेच आहात. मी दमले आहे, पपा, बरोबर ठरून.

पुस्तकं जेद्दाला येणार. मी मुलाला सांगितलं, नऊ किलो माझ्या कपड्यांतून वजा कर. हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं नाही, पहिल्या पुस्तकाच्या त्या कोऱ्या पानाशी ठेवते. सामानाचा ट्रक गुरुवारी दुपारी चार वाजता येतो आहे. ते कधी खोडलंत आणि का, याचं उत्तर मला त्याआधी हवं, लेखी, तारीख घालून. नाही आलं, तर मी तुमचे सगळे आकडे परत लिहून काढीन.

त्या गाण्यापुढचं पंधरा मी कालच लिहिलं आहे.