लोंबता गेज

मंगळवार, संध्याकाळ

गावच्या पाणी सोसायटीच्या पंपाच्या तोंडात बसलेला गाळ काढायला आज धरणात उतरलतो. दुष्काळानं पाणी तळाला गेलंय, लई गढूळ. स्वतःचा हात दिसत न्हाई. पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा गेज मी मोकळाच लोंबत ठेवलता. त्याची नळी बुडालेल्या बाभळीत अडकली. कावून बांधला न्हाई मी तो?

माझ्या कमरेचा दोर काठावर चुलतभावाच्या, दत्ताच्या हातात. ढील दे म्हणून मी हिसके दिले. त्यानं विहिरीत अडकलेली बादली ओढावी तसा दोर ओढला. नळी आणखीच ताणली. हवा बघावी तर गेज हाताला येईना. शेवटी फांदी मोडली म्हणून सुटलो.

आता सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गेज छातीच्या पट्ट्याला घट्ट बांधलाय. अंगावर काहीच लोंबत न्हाई. उद्या पुन्हा उतरायचंय, गावाचं प्यायचं पाणी त्याच पंपावर हाय.

दत्ताला परतपरत सांगितलं, हिसका बसला की ढील दे, ओढू नको. त्यानं मान हलवली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पर दादा, तू अडकलास तर वढावंच लागंल की."