काकीच्या मुळ्यावरची करवती माशी

९ डिसें. ८४
सकाळी घरमालकीण सुंदरकाकीचा आरडाओरडा. भात कापल्यावर घराखालच्या मळ्यात तिने मुळा घातलाय, त्याच्या पानांना भोकंच भोकं. काळपट हिरव्या अळ्या. बोट लावलं की वेटोळं करून खाली पडतात, मेल्याचं सोंग. "बघ गो बाय, सोंगाडी मेली." तिने चुलीतली राख आणली, मी रिकामी बाटली. भांडण नको म्हणून चारच उचलल्या.

१० डिसें.
भिंगाखाली पाय मोजले. पोटाखाली आठ जोड्या! फुलपाखराच्या अळीला इतके नसतात. म्हणजे ही त्या कुळातली नव्हेच, गांधीलमाशीच्या गोतातली. सातवीच्या वर्गात बाटली फिरवली. आज दुसरं काही शिकवणं झालं नाही.

६ जाने. ८५
शेवटी माशी दिसली. नारिंगी अंग, धुरकट पंख, नांगी नाही. पानाच्या कडेवर बसून शेपटाकडची करवत आत घातली, पानाच्या दोन पदरांत खाच पाडली, त्यात अंडं. पान फाटलं नाही कुठे. काय हात म्हणायचा हा.
काकीला भिंग दिलं. बराच वेळ बघितलं तिने. "कसबी हाय." मग पान खुडून पायाखाली.

१३ जाने.
वाचनालयातलं पुस्तक. हिच्या नात्यातल्या काही माश्या थंड मुलखात, पाइनच्या झाडांवर. अळ्या घोळक्याने सुया खातात. धक्का लागला की सगळ्या एकदम माना वर करतात, झाडाचा चीक साठवलेला असतो तो शत्रूवर ओकतात. काकी म्हणाली, "तुझ्या शाळंतली पोरं."
शिवाय, नर भेटला नाही तरी मादी अंडी घालते. मग निपजतात ते सगळे मुलगेच. "आणि मोठे झाले की मुंबईला जातात?" तिचे दोघेही तिकडेच. हसलो खूप, मग ती उठून गेली.

२४ फेब्रु.
मुळा सरला, बियाण्यापुरते दांडे उभे. शेवटच्या अळ्या बाटलीतल्या मातीत शिरल्या, मातीचे कण चिकटवून कोष केले. आता उन्हाळाभर, पाऊसभर झोप, भातं कापायला आली की उठायचं. न खाता, न पिता. मला एक एकादशी धड निभत नाही.

१७ मार्च
उद्या भाजावळ, पेरणीआधी जमीन भाजायची. नेमकी मुळ्याच्याच जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांचा कवळ, सुका पातेरा पसरून झालाय. खाली मातीत कोष असणार. म्हटलं, काकी, तेवढा कोपरा सोड ना.
"तुझ्या किड्यांपायी मी तरवा कुठं पेरू?"
तिचं बरोबर आहे, भाताची रोपं त्या भाजलेल्या जमिनीतच चांगली उठतात. तरी राग आला. जेवणात लक्ष नव्हतं.

१८ मार्च
जळलं सगळं. दु. राख बाजूला करून माती चाचपली. वर चटका, बोटभर खाली कोमट. कोष किती खोल असतात ते पुस्तकात नाही. उकरायचा धीर झाला नाही. खात्रीचे म्हणावेत ते बाटलीतलेच.

११ मे
बदलीचा कागद. दाभोळकडची शाळा, जूनमध्ये हजर व्हायचं. एस.टी.च्या हादऱ्यांत कोष फुटतील. ठेवून जायचं तर माझ्या माश्या दुसऱ्या कुणासमोर उठणार. आणि इथे दुसरं कोण, तर काकी. रात्रभर तेच डोक्यात.

२ जून
ट्रंक बांधली. बाटली काकीच्या हातात दिली. सावलीत ठेव, अधूनमधून थेंबभर पाणी, झाकण लावू नको, फडकं आहे तेच राहू दे.
"जगल्या तर माझाच मुळा खातील ना?"
हो म्हटलं. खोटं काय सांगू.
तिने बाटली उजेडाकडे धरली. हलवून बघणार होती, नाही हलवली. मडक्यांच्या फळीवर मागच्या बाजूला ठेवली. "उठल्या तर पोस्टमनाकडनं कार्ड लिवून घेईन. पुढं त्यांचं काय केलं, ते इचारू नको."
बरं म्हटलं. तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे, दोन्ही बाबतींत.