हमालीच्या चिठ्ठ्या

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या सवयी माझ्या टेबलावरून उठायला तयार नाहीत. त्यापायी आज आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक माझ्या हातून जायची वेळ आली आहे. मेहकरच्या ऑफिसचं निम्मं भाडं ज्याच्या फीमधून निघतं, तोच तो सळई-सिमेंटवाला. तुमच्या वेळी म्हातारे शेठ यायचे, आता त्यांचा मुलगा येतो. येतो म्हणजे काय, तर महिनाभराची बिलं मिठाईच्या पिशवीत कोंबून आणून आदळतो, उरलेल्यांचे फोटो मोबाईलवर पाठवतो, आणि प्रत्येक फोटोत बिलाच्या नंबरावर नेमका त्याचा अंगठा. रिटर्नची उद्या शेवटची तारीख आणि पिशवी आली आज सकाळी. तुमच्या वेळी व्हॅट होता, आता जीएसटी आहे. कर बदलला, माणसं आहेत तशीच आहेत.

खरं तर काम तासाभराचं होतं. ज्याने माल विकला तो आपलं बिल पोर्टलवर चढवतो, आपण आपली बिलं त्याच्याशी जुळवायची, खरेदीवर दिलेला कर गिऱ्हाइकाच्या करातून वजा करायचा आणि मोकळं व्हायचं. बाकी सगळे असंच करतात आणि घरी जाऊन सुखाने जेवतात. पण मला कुठलं ते सुख! सगळी बिलं जुळल्यावरही माझा हात हमालीच्या चिठ्ठ्यांकडे गेलाच. "बिल छापाले कागद लागते पोरी, अन् ट्रक खाली कराले मानसं लागते," हे तुमचं वाक्य. माल खरंच आला असेल, तर तो उतरवणाऱ्या हमालांना त्या दिवशी मजुरी दिलेली असणार आणि तिची चिठ्ठी असणार. चिठ्ठी नाही, तर माल नाही.

तुमची ती पद्धत आठवली की अजून मान दुखते. तुम्ही नवी लाल-निळी पेन्सिल घेता, ब्लेडने बरोबर मध्ये कापता आणि निळा तुकडा माझ्याकडे सरकवता. तुम्ही बिल मोठ्याने वाचता, त्यावर लाल खूण करता. मी गठ्ठ्यातून त्या तारखेची चिठ्ठी काढायची, डोळ्यांनी पाहायची, "हाव" म्हणायचं आणि बिलाच्या कोपऱ्यात निळी खूण करायची. पहिल्याच महिन्यात मी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हाव म्हणाले. तुम्ही फाईल मिटली, चष्मा काढला. "तू हाव म्हनते अन् मी सही करतो. ध्यानात ठेव." एवढंच बोललात आणि पहिल्या बिलापासून पुन्हा वाचायला लागलात. माझ्या गावाची, दुसरबीडची साडेपाचची बस गेली, चहासुद्धा मिळाला नाही. रागाने मी रडले होते, ते तुम्हाला दिसलं की नाही कोण जाणे.

तर आज एक बिल निघालं. जालन्याहून आलेली ट्रकभर सळई. पोर्टलवर आहे, नंबर बरोबर, रक्कम बरोबर. हमालीची चिठ्ठी मात्र नाही. आदल्या दिवशी उतरवलेल्या दहा पोत्यांचीसुद्धा आहे आणि ट्रकभर सळईची नाही! मी फोन केला, तो आला आणि समोरच्या खुर्चीत पसरला.

"म्याडम, पोर्टलवर बिल दिसून राह्यलं ना? मंग तुमी काऊन आडून राह्यल्या?"

"माल कुठं उतरला ते सांगा."

"उतरला कुठंतरी. तुमच्या सरायनं बी एकडाव असंच बिल घेतलं होतं, बाबा सांगतेत. तवा काई आभाळ नाही कोसळलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला तोंडावर खोटं पाडायचं म्हणून मी स्टुलावर चढले, माळ्यावरून तुमच्याकडून आलेली त्यांची व्हॅटची जुनी फाईल काढली आणि धुळीने शिंकत शिंकत पानं उलटली. सर, बिल निघालं. जालन्याचीच सळई, आणि त्यावर तुमची लाल खूण. मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. जन्मभर दुसऱ्याला चिठ्ठ्या शोधायला लावल्या आणि स्वतः असं बिल बिनदिक्कत जाऊ दिलं?

मग कोपऱ्यातली निळी खूण दिसली.

बिलामागेच, हा माल आलाच नव्हता असं म्हणणारी विक्रीकर ऑफिसची नोटीस होती, आणि तिच्या उत्तराची तुमच्या अक्षरातली प्रत. पडताळणी मी स्वतः केली होती, चूक माझी आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. शेठनी कर आणि व्याज भरलं, तुम्ही त्यांची वर्षाची फी परत केली. माझं नाव कुठेही नाही. मला तुम्ही यातलं अक्षर कळू दिलं नाहीत. उलट मी स्वतःचं ऑफिस टाकलं तेव्हा तुमचा तो लाल तुकडा माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "आता दोन्ही तुह्याचकडे."

मी त्या मुलाला ते उत्तर वाचून दाखवलं. म्हटलं, तवा हाव मीच म्हटलं होतं, म्हणून आता म्हणत नाही. ट्रक खाली केलेला एक तरी हमाल घेऊन या, नाहीतर हे बिल मी धरत नाही. त्याने पिशवी उचलली. "दुसरे बी टॅक्सचे वकील हायेत मेहकरात," म्हणाला आणि जिना उतरून गेला. उद्यापर्यंत वाट पाहीन. भाड्याचं काय करायचं ते सुचलेलं नाही, आणि त्याचाही राग तुमच्यावरच निघतो आहे.

हे पत्र त्याच फाईलमध्ये, तुमच्या उत्तराच्या मागे लावून ठेवते. त्या महिन्याची बिलं तपासली तो दिवस मला चांगला आठवतो. त्या संध्याकाळी मला पाहायला पाहुणे येणार होते आणि काहीही करून साडेपाचची बस गाठायची होती. पाहुणे आले, पोहे खाल्ले आणि नापसंत करून गेले. पण तुम्ही एकेक बिल वाचत होतात आणि मी हाव, हाव म्हणत होते, तेव्हा सर, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याची सुतळी मी सोडलीच नव्हती.