शेवटचं बाक

२ जानेवारी
कॉलेजच्या आवारातल्या नव्या प्रार्थनागृहात माझ्या हातचं काय काय आहे, ते लिहून ठेवतो. मुख्य दार. गाण्याबजावण्यासाठी उंच केलेला मंच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या फळ्या. आणि बाकं, सगळीच्या सगळी. कुठेही खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. शिकवायला कोणी नव्हतं. बघून, बिघडवून शिकलो. पैसा देणगी देणाऱ्या बाईंचा, त्यांच्या गेलेल्या मुलाच्या नावाने दिलेला. पाटीवर माझं नाव नाही. नसू दे.

३ जानेवारी
उद्घाटन झालं. व्हायोलिन थांबलं, सगळे गप्प — आणि शेवटचं बाक करकरलं. त्यावर कोणीच नव्हतं. बाहेर आल्यावर वॉचमन म्हणतो, "मिस्त्री, तुमचं बाक दाद देतंय की." हसून घेतलं. पण माझं लाकूड वाजत नाही.

५ जानेवारी
बाक उलटं करून प्रत्येक सांधा तपासला. केस शिरेल एवढीही फट नाही. परत उभं केलं, दोन पावलं मागे आलो. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर वाजलं. जरा थांबून पुन्हा, हलकेच.

६ जानेवारी
बाई रोज येऊन त्या बाकाशेजारी बसतात. आज म्हणाल्या, "दुरुस्त करू नका हं मिस्त्री. तो येऊन बसतो." मान हलवली.

नवीन काही केलं की आमची ही, माझी बायको, आधी त्यावर बसून बघायची. पॉलिशही वाळू द्यायची नाही. बसायची, मग जराशी सरकायची. "बघू तरी, तुमचा ऐटबाज माल वजन पेलतो का." या बाकांचं लाकूड आलं आणि ही गेली. आधी बसणं, मग सरकणं. संसारभर ऐकलंय. मी चुकणार नाही.

९ जानेवारी
सुनेने मागितलं म्हणून स्टूल केलं. चौथा पाय बसवून हात धुवायला वळलो, तर पाठीमागे स्टूल वाजलं. मग सरकलं.

१२ जानेवारी
प्रार्थनागृहातलं बाक तेव्हापासून मुकं. बाई रडवेल्या. "तुम्ही काही केलंत का हो त्याला?" मी बाकाला बोटही लावलेलं नाही. तेवढंच सांगितलं.

१३ जानेवारी
सून चिडली — "बाबा, माझ्यासाठी केलंत ना? मग कोणाला बसू का देत नाही?" स्टूल माझ्या खोलीत आणलं. आता नवीन काही करायचं नाही, साधा पोळपाटसुद्धा नाही. केलं की ही उठून तिकडे जाणार.

१५ जानेवारी
बाई घरी आल्या. स्टुलाकडे वळल्या, मी घाईने खुर्ची पुढे केली. त्यांना गेलेल्या मुलाच्या खोलीत ठेवायला तसंच एक बाक हवंय. चार लाख, सगळे आगाऊ. नाही म्हणालो.