नाकातोचा नंबर बंद झाला

प्रिय नाकातो,

आज तुझा नंबर बंद झाला. तुमच्या गावच्या दुकानवाल्या रेहेमाने सकाळी फोन करून सांगितलं. तुला जाऊन वर्ष होत आलं, तुमच्या केळीच्या बागेत तुला पुरून वर सिमेंटही घातलं म्हणे, पण फोन कंपनीच्या लेखी तू आजपर्यंत जिवंत होतीस. आम्हीच तुला तसं ठेवलं होतं. म्हणून आज लिहायला बसले. मराठीतच लिहितेय, चिडायला मला दुसरी भाषा येत नाही. तुला आमचं 'जेवलीस का' आणि 'चल गं' एवढंच यायचं. बाकीचं आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत भागवत होतो, आणि भागत होतं, नाही का?

इथे आखातात, हिद्दच्या लाँड्रीत तू आलीस तेव्हा तुझ्या बिल्ल्यावर 'एस्थर' लिहिलं होतं. नाकातो म्हणायला सुपरवायझरची जीभ वळत नव्हती. हॉटेलांच्या ओल्या चादरी रोलरमध्ये सोडायच्या, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तिथेच तू सांगितलंस की नाकातो म्हणजे जुळ्यांतली धाकटी. थोरली बाबिऱ्ये लहानपणीच तापाने गेली. आणि जुळ्यांच्या आईला तुमच्या युगांडात नालोंगो म्हणतात, मानाने. आता तर दोघीही गेल्यात. तरी गाव तिला नालोंगोच म्हणतं. असला मान काय करायचा गं?

मी वसईची. पैसे म्हणजे बँक, पासबुक, रांग, एवढंच मला ठाऊक. तू म्हणालीस, आईने बँकेचं दार कधी पाहिलेलं नाही, तिचा पैसा फोनमध्ये असतो. मी हसले होते. तेव्हा चहाच्या सुट्टीत तू टेबलावर उशीच्या अभ्र्यांचा एक ढीग केलास आणि शेजारी टॉवेलांचा. म्हणालीस, हे अभ्रे म्हणजे रेहेमाच्या ड्रॉवरमधल्या नोटा, आणि हे टॉवेल म्हणजे तिच्या फोनमधला पैसा. रेहेमा काही बँकवाली नाही, मीठ-साबण विकणारी, वर फोन कंपनीची एजंट. कुणी नोटा भरायला आलं की नोटा तिच्या ड्रॉवरमध्ये, आणि तेवढाच पैसा तिच्या फोनमधून त्याच्या फोनमध्ये. काढायला आलं की उलटं. दर काढण्याला कंपनी आपला तुकडा तोडणार. मग तू सगळे अभ्रे उचलून काखेत घेतलेस. "आता नोटा संपल्या. आईच्या फोनमध्ये पैसा आहे, पण तिला आज हातात काही मिळणार नाही. कुणीतरी भरायला येईपर्यंत झाडाखाली बसायचं." तेवढ्यात सुपरवायझर ओरडला की धुतलेला माल हाताळू नका.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आपण घरी पैसे पाठवायला एक्स्चेंजवर जायचो. काउंटरवर नुसता फोन नंबर सांगायचा. आपण जिना उतरून खाली येईपर्यंत तिकडे नालोंगोचा बटणांचा फोन वाजलेला असायचा. तिला वाचता येत नाही, म्हणून मेसेज रेहेमा मोठ्याने वाचायची. पण पिन मात्र नालोंगो स्वतः दाबायची, सगळ्यांकडे पाठ करून. आकडे ओळखता येत नव्हते, बटणांच्या जागा पाठ होत्या. हे सांगताना तू तिची नक्कल करायचीस, खांदे वर काढून.

एक गोष्ट मात्र तू मला कधी सांगितली नाहीस. तो फोन आईचा, पण सिमकार्ड तुझ्या नावावर! तुमच्याकडे ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही, आणि ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे लागतात. जन्मभर कुदळ मारून नालोंगोच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. मशीन तिला ओळखेना. तू इकडे निघायच्या घाईत स्वतःच्या कार्डावर सिम घेतलंस आणि तिच्या हातात दिलंस. सध्यापुरतं. मग सध्याचं पुढे कधी झालंच नाही. पैसा आईचा, नाव तुझं. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?

त्या उन्हाळ्यात तुझ्या छातीत दुखत होतं. तू सुपरवायझरला सांगितलंस, मी बाजूलाच उभी होते. तो म्हणाला, माणसं कमी आहेत, शिफ्ट संपव मग बघू. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा सांगितलंस. तोच शब्द. तिसऱ्या दिवशी चादरीचं टोक तुझ्या हातून सुटलं. मी ओढत राहिले, मला वाटलं तू मस्करी करतेयस. सलमानिया हॉस्पिटलात पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कंपनीने जेवणाच्या खोलीत तुझा फोटो लावला, फुलं ठेवली. खाली नाव 'एस्थर'. तुला घरी पाठवायचं तिकीट काढलं, तेही उपकार केल्यासारखं. तुझा राहिलेला पगार आणि सर्व्हिसचे पैसे नालोंगोला द्यायचे होते. एचआरवाला म्हणाला, आईच्या नावाचं बँक खातं द्या. मी म्हटलं, खातं नाही, फोन आहे. तिकडे शाळेची फी फोनवर भरतात, केळी विकली तरी पैसे फोनवरच येतात. त्याने नंबर एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला आणि हसून मान हलवली. "फोन म्हणजे बँक नव्हे, मॅडम. आणि हा नंबर तर मयताच्याच नावावर दिसतोय."

तेव्हा मला कळलं. मी तिथल्या तिथे रेहेमाला फोन लावला. विचारलं, मृत्यूचा दाखला फोन कंपनीत नेऊन नंबर आईच्या नावावर करता येईल का? ती म्हणाली, "सिस्टर, दाखला दिला की नंबर थांबवतील. म्हातारीकडे कार्ड नाही, तिच्या नावावर करणार कसा? आतला पैसा अडकेल. या फोनपुरती नाकातोला जिवंत राहू दे."

असे महिने काढले, नाकातो. इकडे कंपनीला तू मेल्याचे कागद हवेत, तिकडे तुझ्या आईला मिठासाठी तू जिवंत हवीस. चर्चमध्ये तुझ्यासाठी वर्गणी जमली, तीही मी त्याच नंबरवर पाठवली. एक्स्चेंजवरच्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवून विचारलं, नाव बरोबर आहे ना? मी म्हटलं, बरोबर आहे. काय सांगणार होते त्याला?

शेवटी मार्ग काढला रेहेमाने. तिने तुझ्या आईच्या हातातून कुदळ काढून घेतली. महिनाभर रोज दुकानात बसवून तिच्या बोटांना तेल चोळलं. स्वतःच्या वावरातलं तण शेजारी उपटताहेत, हे बघत नालोंगो चरफडत बसायची म्हणे. मग मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला जिल्ह्याच्या ऑफिसात नेलं. अंगठा उमटला नाही. बाकीची बोटंही नाहीत. डाव्या करंगळीवर मशीनने होकार दिला. कार्ड आलं, कार्डावर सिम आलं, आणि रेहेमाने तुझ्या नंबरातला पैसा आईच्या नंबरात वळवला. त्यातूनही फोन कंपनीने तुकडा तोडलाच. मेलेल्या मुलीचा पैसा जिवंत आईकडे जायचा तर त्यालाही फी!

तिच्या नावाने आलेला नवा मेसेज रेहेमाने वाचला तेव्हा नालोंगोने विचारलं, माझं नाव याला कुणी सांगितलं? आणि मग तिने फोन मागून घेतला, माझ्याशी बोलायला. ती बोलत होती, रेहेमा इंग्रजीत सांगत होती. मला वाटलं, पैशांबद्दल विचारेल. तिने विचारलं, त्या दिवशी माझी मुलगी जेवली होती का?

मी हो म्हटलं. तुझा डबा तसाच परत आला होता, मीच धुतला. पण मी हो म्हटलं.

कार्डाच्या जोरावर रेहेमाने जिल्ह्याच्या बँकेत तिचं खातंही उघडून घेतलं, आणि गेल्या आठवड्यात आपल्या कंपनीने त्यात पैसे भरले. शेवटच्या महिन्याचा पगार पुरा दिला नाही. तू महिना पुरा केला नव्हतास ना!

एचआरवाल्याने मला बोलावून चहा पाजला. म्हणाला, बघा, कंपनीने सगळं केलं, आता तुम्ही जरा मदत करा, फाइल खलास करायची आहे. समोर एक कागद ठेवला. नाकातोने आजारपणाची कधीच तक्रार केली नव्हती, असं मी, तिची सहकारी, लिहून देते. खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीची जागा मोकळी. मी वाचत असताना तो सहज म्हणाला, तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यूला येतोय, नाही का? मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष ना?

मी म्हटलं, वाचून देते. त्याने रविवारपर्यंत मुदत दिली.

मुलीला फोनवर सांगितलं. ती नेहमीसारखी इंग्रजीत काहीबाही बोलेल असं वाटलं होतं. पण ती मराठीत म्हणाली, "मम्मी, तू परत आलीस तर आपण बघू काहीतरी." काय बघणार आहोत, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही.

नाकातो, आज रेहेमाने तुझा दाखला देऊन नंबर बंद केला, तुझं खोटं जगणं संपलं. खोटं मरण मी तुझ्यावर लादू देणार नाही. तू बोलली होतीस. सगळ्यांसमोर, रोलरच्या आवाजाच्या वर आवाज काढून. रविवारी तो कागद मी सहीशिवाय परत देईन, आणि तिथून थेट लेबर ऑफिसात जाऊन जे ऐकलं ते सांगेन, सुपरवायझरच्या नावासकट. आणि तिथे मी 'एस्थर' म्हणणार नाही. त्यांची जीभ वळेपर्यंत तुझं खरं नाव सांगत बसेन.

तुझी,
फिलोमिना